मोनाक्काला माती कुठं द्यायची

खरं बोलणाऱ्याच्या पाठीशी देव उभा असतो, असं मी निपाणीच्या शाळेत मुलांना शिकवत होतो, आणि शिकवताना मला त्यात कधी शंका आली नाही. शंका आली ती एका सकाळी. माझ्या सख्ख्या बहिणीला आमच्या सोप्यावर चटईवर निजवलं होतं. तिच्या केसांतून अजून पाणी गळत होतं. आमच्या गावचे फादर माझ्यासमोर उभे राहून हळू आवाजात विचारत होते, "मास्तर, तुम्हाला याबद्दल काही ठाऊक आहे का?" मला ठाऊक होतं. सगळ्या गावात फक्त मलाच ठाऊक होतं. आणि ते सांगितलं तर माझ्या बहिणीला देवळामागच्या दफनभूमीत जागा मिळणार नाही, हेही ठाऊक होतं. त्या घटकेला देव माझ्या पाठीशी उभा आहे असं मला अजिबात वाटलं नाही. वाटलं, तो पलीकडे तोंड करून उभा आहे.

आमचं गाव निपाणीहून बैलगाडीनं गेलं तर दुपारपर्यंत पोचावं एवढ्या अंतरावर. तंबाखूची शेती, मधेमधे जोंधळा, आणि गावाच्या वरच्या अंगाला आम्हा किरिस्तावांची थोडी घरं. आमचे आजोबा त्या धर्मात आले. आमच्या घरात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढं गेलं नव्हतं; मी कोल्हापुरात राहून बी.ए. झालो. हे मिरवायला सांगत नाही असं म्हणालो तर ते खोटं होईल. थोडं मिरवायलाही सांगतो. मला शिकवायचा हट्ट आप्पांचा नव्हता, माझ्या थोरल्या बहिणीचा होता. तिचं नाव मोनिका, पण घरीदारी सगळे मोनाक्काच म्हणत. मी परीक्षा पास होऊन आलो त्या दिवशी तिनं दारातच माझ्यापुढं चरवी धरली. "व्हय रं बी.ए., आता म्हशीची धार काढून दाव. न्हाय आली तर कालेजात काय शिकलास म्हणू आमी?" म्हैस मला जवळ येऊ देईना. आक्का पोट धरून हसत होती. तिचं हसणं आठवायचं म्हटलं की मला तोच दिवस आठवतो, कारण पुढं हसण्याचे दिवस फार राहिले नाहीत.

आक्काचे यजमान, आमचे दाजी, फौजेत होते. लढाई सुरू होऊन बराच काळ लोटला होता आणि ते समुद्रापलीकडं मिसरात का कुठंतरी होते. आक्का पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. फादर त्या दिवसांत लांबच्या वाड्यांवर मिस्साची प्रार्थना करायला गेले होते, ते परत आले की येत्या रविवारी बाप्तिस्मा करायचा असं ठरलं. तंबाखूचे शेंडे खुडायचे दिवस. वेळेवर शेंडा खुडला नाही तर पान भरत नाही, त्यामुळं घरात कोणी बसून राहत नाही. सुईण आंघोळ घालून गेली, आई-आप्पा रानात गेले, आणि दुपारी बाळाचा श्वास अडकायला लागला.

आमच्या धर्मात एक गोष्ट लहानपणीच शिकवतात. मूल मरणाच्या दारात असेल आणि फादर जवळ नसतील, तर कोणीही त्याच्या डोक्यावर पाणी ओतून ठरलेले शब्द म्हणावेत. तो बाप्तिस्मा खरा. आक्काला हे पाठ होतं. पण त्याच धड्यात पुढं असंही होतं की आईबापांनी आपल्याच मुलाला बाप्तिस्मा देऊ नये. ते तिच्या मनात घट्ट बसलं होतं. त्यालाही अपवाद आहे, दुसरं कोणीच नसेल आणि मूल जात असेल तर आईनंही पाणी घालावं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, किंवा शिकवलं तेव्हा तिचं लक्ष नव्हतं. तिनं वाटीत पाणी घेतलं. बाळाला मांडीवर घेऊन ती उंबऱ्यात बसली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारत राहिली. "कोण हाय का गं? कोणतरी या गं!" सगळी वस्ती रानात. वाटी हातात, पोर मांडीवर, आणि ती नियम मोडायला भीत होती. आप्पा आले तेव्हा बाळ गार पडलं होतं आणि वाटी तशीच भरलेली होती.

बाप्तिस्मा न झालेलं मूल आशीर्वाद दिलेल्या मातीत पुरत नाहीत. दफनभूमीच्या उत्तरेच्या भिंतीबाहेर एक जागा होती, तिथं आप्पांनी त्याला ठेवलं. फादर परतल्यावर घरी आले. ते गोव्याकडचे, वयानं झालेले, जपून बोलणारे. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांच्या तोंडून सहज निघून गेलं, "अगं, मग तूच का नाही पाणी घातलंस?" आक्कानं मान वर केली. "मला चालतं व्हतं?" फादरांनी मान खाली घातली. तिला उत्तर मिळालं.

त्यानंतर ती रोज पहाटे भिंतीबाहेर जाऊन बसायची. मरियाबायची जपमाळ ओढायची, परत यायची, कामाला लागायची. रडायची नाही. जेवायची, पण घास विसरून बसायची. मी दर शनिवारी निपाणीहून घरी यायचो. तिला म्हणायचो, देव एवढा निष्ठुर नाही, आक्का. ती म्हणायची, "तू शिकलेला हायस बाबा, तुला म्हायत. मला एवढंच म्हायत की त्यो तिकडं एकटा हाय."

ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ सुरू झाला होता. तंबाखू कापून झाला होता, रानं मोकळी झाली होती आणि धनगरांची मेंढरं खतासाठी रानारानांत बसायला लागली होती. अशाच एका रविवारी, उजाडायच्या सुमाराला, मी सोप्यावर निजलो होतो. आक्का आली. तिच्या कमरेवर घागर होती. ती माझ्या उशाशी वाकली, काहीतरी ठेवलं आणि म्हणाली, "बाळाकडं जाते रं. आईला बघ." मी झोपेतच हूं म्हणालो. ती रोजच जायची. मी कूस बदलली. जरा वेळानं हात उशाशी गेला तर हाताला जपमाळ लागली. तिची. लहानपणी तिला मिळालेली, लाकडी मण्यांची. ती तिनं कधी गळ्यातून काढली नव्हती. बाळंतपणातसुद्धा काढू दिली नव्हती. मी उठून तसाच अनवाणी भिंतीकडं धावलो. तिथं कोणी नव्हतं. तेवढ्यात खालच्या मोटेच्या विहिरीकडून बायकांचा ओरडा ऐकू आला.

विहिरीच्या काठावर घागर होती, दोर होता. बघणाऱ्या प्रत्येकाला वाटलं, पाणी शेंदताना पाय घसरला. पाटलांनी येऊन बघितलं आणि तेही तेच म्हणाले. गडीमाणसांनी तिला वर काढलं, घरी आणलं. फादर आले, गुडघे टेकून त्यांनी प्रार्थना केली आणि देवळाच्या पोरांना घंटा वाजवायला सांगितलं. कबर खणायला माणसं निघाली. सगळं रीतीनं चाललं होतं. मला फक्त तोंड मिटून बसायचं होतं.

पण घरातल्या कोणालातरी फादरांना विचारावंच लागतं, मरण कसं आलं. आप्पांनी उत्तर द्यायला माझ्याकडं बोट केलं, कारण मी शिकलेला. फादरांनी विचारलं ते मी वर सांगितलंच. मी आप्पांकडं बघितलं. आप्पांच्या नजरेवरून कळलं की त्यांनाही संशय होता. ते मला मागच्या दारी घेऊन गेले. माझा दंड त्यांनी घट्ट धरला होता. "हे बघ पोरा," ते म्हणाले, "तुझ्या मनात जे काय हाय ते मनात ऱ्हाऊ दे. पोरगी गेली ती गेली. तिला चार माणसांत माती मिळू दे. एवढं तर करशील का न्हाय तिच्यापाई?" मी म्हणालो, "आप्पा, फादरांनी मला विचारलंय." ते म्हणाले, "इचारंनात का! जीभ तुझी हाय." त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते भीक मागत होते. माझ्या बापाला मी आयुष्यात तेव्हाच काही मागताना बघितलं.

आजही लोक मला विचारतात, मास्तर, काय अडलं होतं हो तुमचं? कोणाचं नुकसान होत होतं? मला त्याचं पंडिताचं उत्तर देता येत नाही. एवढंच सांगतो: ती जाताना माझ्याशी बोलली होती. दुसऱ्या कोणाशी नाही, माझ्याशी. ते बोलणं मी गिळून टाकलं असतं आणि पाय घसरल्याची गोष्ट सांगितली असती, तर तिचं एवढं मोठं दुःख घसरड्या दगडाच्या नावावर गेलं असतं. आणि दुसरं असं की मी तिच्यासाठी प्रार्थना करायला देवापुढं गुडघे टेकणार होतो. तिथं तोंडात खोटं घेऊन कसा जाऊ? माझ्या आतून कोणीतरी सारखं म्हणत होतं, सांग. तो आवाज गोड नव्हता, धीर देणारा नव्हता. त्यानं मला कसलंही आश्वासन दिलं नाही. फक्त सांग म्हणाला.

मी परत सोप्यावर आलो, खिशातून जपमाळ काढून फादरांच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. आई ऐकत होती. तिनं पदर तोंडात कोंबला. पाटील अजून अंगणात होते, त्यांनाही सांगितलं. ते वैतागून म्हणाले, "आता काय फरक पडतोय मास्तर? मेलेलं माणूस मेलंच की." फादर मात्र खाली बसले. बराच वेळ जपमाळेचे मणी चाचपत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही हे सांगितलं नसतं, तर मी आत्ता तिला आत नेलं असतं. आता मला नेता येत नाही. स्वतःचा जीव देणाऱ्याला त्या मातीत जागा नाही, आणि तिनं जाणूनबुजून केलं, असं तुमच्याच सांगण्यावरून दिसतं." ते उठून उभे राहिले. "पण मला घाई करायची नाही. ऊन उतरेपर्यंत थांबूया. मी देवळात जाऊन बसतो." घंटा थांबली. खणायला गेलेली माणसं फावडी घेऊन परत आली.

तो दिवस कसा गेला हे मला नीट लिहिता येणार नाही. शेजारच्या बायका एकएक करून उठून गेल्या. एकजण जाताजाता मला ऐकू येईल अशी म्हणाली, "बी.ए. झालं की बहीणसुद्धा परकी हुती म्हणायची." आप्पा माझ्याकडं पाठ करून बसले होते. आईनं एकदाच विचारलं, "मग कुठं ठेवायचं तिला?" आणि स्वतःच म्हणाली, "भाईर. पोराजवळ. तिला तेच पायजे व्हतं की." मग ती इतकी रडली की मला तिथं बसवेना. मी परसात जाऊन प्रार्थना करायला लागलो. शब्द सुचेनात. मी म्हणालो, देवा, मी माझं केलं, आता मला काही कळत नाही, तू घे. एवढंच परत परत म्हणत होतो. त्यात भक्ती होती का नुसता थकवा होता, मला आजही सांगता येत नाही.

ऊन कलायला लागलं तेव्हा अंगणाच्या काटेरी कुपाटीशी एक धनगर येऊन उभा राहिला. उंच, हडकुळा, डोक्याला तांबडं पागोटं. खांद्यावर घोंगडं होतं आणि ते भिजून जड झालेलं दिसत होतं. त्याला आमच्यापैकी कोणीच ओळखत नव्हतं. तो आत येईना. आप्पा उठून गेले. "कोण पायजे?"

"हितली बाय गेली न्हवं? हिरीत?"

"माझी लेक."

त्यानं पागोटं काढलं. "अण्णा, म्या व्हतो तिथं."

आम्ही सगळे उभे राहिलो. मी फादरांना बोलवायला पळालो, आणि ते येईपर्यंत आप्पांनी त्याला पाणी दिलं, पण त्यानं ते प्यायलं नाही. फादर आल्यावर तो खाली बसून सांगू लागला. त्याच्या बोलण्यात कानडी मिसळत होतं. पहाटे तो मेंढरं घेऊन खालच्या रानातून जात होता. विहिरीत काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि लगेच बाईमाणसाचं ओरडणं. तो धावला. पोहता येत नव्हतं त्याला. दोर घागरीला बांधलेला आहे हे त्या अंधुकात त्याला दिसलंच नाही. त्यानं आपलं घोंगडं पिळा घालून खाली सोडलं आणि काठावर पालथा पडला. "तिनं धरलं की, अण्णा! दोनी हातांनी धरलं. म्हणाली, सोडू नगा दादा, मला वर घ्या. लई वेळ धरून व्हती. मरियाबाय, मरियाबाय, चुकलं माझं, वर घे, असं म्हणत व्हती. म्या वडत व्हतो. पर लोकर भिजली, जड झाली, तिचं हात निसटलं." तो आपल्या तळव्यांकडं बघत राहिला. "माझ्या हातातनं न्हाय सुटलं. तिच्या सुटलं. देवाची आन."

फादरांनी विचारलं, "मग गावात का नाही सांगितलंस?"

"भ्यालो की सायेब. परमुलखाचा माणूस, हिरीत बाय, आन म्या काठावर. कोण इस्वास ठेवंल? बायका येताना बघितल्या आन मेंढरामागं पळालो. लई लांब गेलतो. पर पाय म्होरं पडंना झाला. तिनं मला दादा म्हटलं व्हतं. तिच्या माणसास्नी कळाया पायजे का नगं, ती वर याया बघत व्हती म्हणून? म्हणून मेंढरं भावाच्या हवाली केली आन माघारी आलो. आता पाटलाच्या हवाली करा न्हायतर काय बी करा."

मग त्यानं आईकडं वळून विचारलं, "आवो, ती मरियाबाय कोण? घरातली थोरली हाय का? तिला सांगा, लई हाक मारली पोरीनं."

आई म्हणाली, "व्हय बाबा. थोरलीच हाय. ऐकलं आसंल तिनं."

फादरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. ते म्हणाले, "तिनं हात वर केला होता. तिनं पश्चात्ताप केला होता. याहून जास्त मी कोणाकडूनच मागत नाही." घंटा परत वाजू लागली. आप्पा उठले, त्या धनगराचे दोन्ही हात त्यांनी आपल्या हातांत धरले. मग माझ्याकडं आले. सकाळी धरला होता तोच दंड धरून त्यांनी मला आक्काच्या उशाशी नेलं. तिला उचलायला डोक्याकडची बाजू त्यांनी मला दिली.

तिला आम्ही आत माती दिली. जागा आईनं सांगितली: उत्तरेच्या भिंतीला अगदी चिकटून. भिंतीपलीकडं तिचं बाळ. धनगर दफनभूमीच्या फाटकाबाहेर उभा राहिला, आणि माती टाकून आम्ही बाहेर आलो तेव्हा तो निघून गेला होता. त्याचं नाव विचारायचं राहिलं. पुढच्या वर्षी मेंढरं आली तेव्हा मी रानारानांतून विचारत फिरलो. कोणाला सांगता आलं नाही.

त्या संध्याकाळी फादर देवळाच्या पायरीवर माझ्याजवळ बसले आणि म्हणाले, "मी तिला तो पाण्याचा प्रश्न विचारायला नको होता, मास्तर." दोघंही बसून राहिलो.

मी हे चमत्कार म्हणून लिहीत नाही. बहीण वाचली नाही. वाचली असती तर मी चमत्कार म्हटलं असतं. पण सकाळीच आम्ही तिला पाय घसरल्याच्या गोष्टीखाली मातीआड केलं असतं, तर दुपारी आलेल्या त्या माणसाला एक बंद कबर दिसली असती. लोक शांत आहेत हे बघून तो कदाचित न बोलता माघारी गेला असता. मग मी आणि आप्पा जन्मभर एकच गोष्ट मनात धरून जगलो असतो, की आमच्या मोनाक्कानं देवाकडं पाठ फिरवली. ती शेवटी वर बघत होती, हे आम्हाला कधी कळलं नसतं. मला पुष्कळदा विचारतात, धनगर आलाच नसता तर? तर मी तिला भिंतीबाहेर माझ्या हातानं ठेवलं असतं, आणि आप्पा माझ्याशी बोलले नसते, आणि तरीही मी सांगितलं ते बरोबरच होतं. सांगणं माझं काम होतं. तिला कुठं घ्यायचं हे माझं काम नव्हतं, आप्पांचं नव्हतं, फादरांचंसुद्धा पुरतं नव्हतं. एवढं कळायला मला बी.ए.चा उपयोग झाला नाही.

लढाई संपली आणि दाजी आले. त्यांनाही मी सगळं सांगितलं, काही वगळलं नाही. ते भिंतीजवळ बसून ऐकत होते. सरतेशेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "धरलं व्हतं न्हवं तिनं? दोनी हातांनी?" मी म्हणालो, "दोन्ही हातांनी, दाजी." त्यांनी मान हलवली, आणि परत विचारलं, आणि मी परत सांगितलं.

मृतांच्या दिवशी आमची सगळी माणसं दफनभूमीत मेणबत्त्या लावतात. आम्ही आक्काजवळ लावतो. मग दाजी एक पेटलेली मेणबत्ती हाताच्या आडोशानं जपत फाटकातून बाहेर पडतात आणि भिंतीला वळसा घालून पलीकडं जातात. बाहेर वारा असतो. कधी ती वाटेतच विझते, मग ते परत येतात, आक्काच्या मेणबत्तीवर पेटवतात आणि पुन्हा निघतात. त्या बाळाचं काय, हे मी फादरांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, मला माहीत नाही, मास्तर. ज्याला माहीत आहे त्याच्याकडंच सोपवलंय. मीही सोपवलंय. आत्तापर्यंत त्यानं जे दिलं, जेवढं दिलं, त्याबद्दल मी गुडघे टेकून त्याचे आभार मानतो. भिंतीपलीकडं दाजींच्या चपलांचा आवाज थांबेपर्यंत आम्ही कोणी उठत नाही.